डेटाबेसमध्ये सर्च केलं की एकतर शून्य रिझल्ट नाहीतर हजारो: नेमकं कुठे बिघडतं ते कसं शोधायचं (बी.लिब./एम.लिब. वाल्यांसाठी)

प्रॉब्लेम दरवर्षी तोच असतो. प्रोजेक्टचा विषय ठरतो, गाईड सांगतात की आधी लिटरेचर, म्हणजे विषयावर आधी झालेलं लिखाण, बघून या, मग विद्यार्थी डेटाबेस उघडून विषयाचं अख्खं शीर्षकच सर्च बॉक्समध्ये टाकतात आणि येतात शून्य रिझल्ट, मग दोन शब्द काढतात तर एकदम हजारो येतात, पुन्हा एक शब्द घालतात की परत शून्य, आणि तासाभराने ठरवून टाकतात की "या विषयावर कामच झालेलं नाही". असं जवळपास कधीच नसतं. काम झालेलं असतं, ते वेगळ्या शब्दांत नोंदलेलं असतं, किंवा तुमच्या सर्चमधला एखादा तुकडा सगळ्यांना अडवून धरत असतो. तो तुकडा कोणता हे शोधायची पद्धत आहे आणि ती शिकण्यासारखी आहे. उद्या तुम्ही लायब्ररीत काउंटरच्या पलीकडे बसाल तेव्हा एखादा पीएचडीचा विद्यार्थी हाच प्रश्न घेऊन तुमच्यापुढे उभा राहणार आहे.

उदाहरणाला एक विषय घेऊ, म्हणजे हवेत बोलणं नको: ग्रामीण महाराष्ट्रातल्या सार्वजनिक ग्रंथालयांतले वाचक माहिती कशी शोधतात. आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा, गावोगावी अ ब क ड वर्गातली ग्रंथालयं, त्यामुळे हा विषय या ना त्या रूपात कायम येतोच. (पुढे सर्चमधले इंग्रजी शब्द मी देवनागरीत लिहितेय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायचे.)

सगळ्यात आधी हे करा: सर्च एकत्र चालवू नका, तुकडे पाडा.

कोलन क्लासिफिकेशन या पुस्तकं वर्गवार लावायच्या पद्धतीच्या पेपरसाठी रंगनाथनांचं विषयाचे पाच पैलू पाडणारं पीएमईएसटी सगळ्यांनी घोकलेलं असतं, पर्सनॅलिटी मॅटर एनर्जी स्पेस टाइम, आणि परीक्षा झाली की विसरतात, पण सर्च बांधायला याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. ढोबळमानाने बघितलं तर आपल्या विषयात सार्वजनिक ग्रंथालय आणि त्याचे वाचक हा एक तुकडा, माहिती शोधणं ही क्रिया दुसरा, ग्रामीण हा तिसरा आणि महाराष्ट्र हा चौथा. आता प्रत्येक तुकडा एकेकटा सर्च करा आणि आकडा कागदावर लिहा. मग सर्च हिस्टरीत जाऊन ते एकेक करून अँडने (म्हणजे दोन्ही असायलाच हवेत) जोडा, इब्स्को कंपनीच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक सर्चला एस१, एस२ असे नंबर मिळतात, पबमेड या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसमध्ये #१, #२, तेच नंबर वापरून जोडता येतात, पुन्हा सगळं टाइप करायची गरज नाही. पहिला आणि दुसरा जोडला, ठीकठाक रिझल्ट आले. तिसरा जोडला, कमी झाले पण आहेत. चौथा जोडला आणि धाडकन शून्य. म्हणजे तुमचा दोषी तुकडा सापडला, बाकीच्या तिघांना हात लावायचं कारणच नाही.

या विषयात दोषी बहुतेक वेळा "महाराष्ट्र" असतो. कारण साधं आहे, बहुतेक डेटाबेस लेखाचं शीर्षक, सारांश आणि विषय-शब्द एवढंच वाचतात, आणि लेखकाने सारांशात "सातारा जिल्हा" किंवा "मराठवाडा" किंवा नुसतं "इंडिया" लिहिलेलं असतं, महाराष्ट्र हा शब्द आत कुठेतरी तिसऱ्या पानावर असतो जो डेटाबेसने कधी बघितलाच नाही. म्हणून जागेचा तुकडा मोठा करा, महाराष्ट्र ऑर विदर्भ ऑर मराठवाडा ऑर कोकण (ऑर म्हणजे यातलं कोणतंही चालेल), शिवाय पुणे आणि जुनं पूना, मुंबई आणि बॉम्बे दोन्ही. औरंगाबाद आणि उस्मानाबादची नावं २०२३ मध्ये बदलली, पण त्याआधीचे सगळे लेख जुन्याच नावाने नोंदलेले आहेत आणि तसेच राहणार, तेव्हा छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव टाकताना जुनी नावंही टाकायचीच. फक्त औरंगाबाद बिहारमध्येही आहे, तिथले लेख आले तर गोंधळून जाऊ नका. एवढं करूनही कमीच आले तर जागा पूर्ण काढून "इंडिया" ठेवा आणि आलेले लेख डोळ्यांनी चाळा, दोन-अडीचशे शीर्षकं वाचायला फार वेळ लागत नाही, आणि त्या वाचनात विषयातले शब्द आपोआप कळत जातात.

दुसरी तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तीच कोणी करत नाही. तुमच्या विषयावरचा एक चांगला लेख आधीच हातात हवा, गाईडने दिलेला असो किंवा ॲनल्स ऑफ लायब्ररी अँड इन्फर्मेशन स्टडीज किंवा डेसिडॉक जर्नल चाळून मिळालेला असो, ही दोन्ही जर्नल मोफत उघडतात. त्या लेखाचं शीर्षक डबल कोटमध्ये घालून डेटाबेसमध्ये शोधा. आला नाही, तर तो अंक किंवा ते जर्नलच त्या डेटाबेसमध्ये नसेल, मग तिथे शब्द बदलत बसण्यात अर्थ नाही, डेटाबेस बदला. आला, तर त्याची पूर्ण नोंद उघडा आणि विषयाच्या रकान्यात काय लिहिलंय ते नीट वाचा. मग तुमचा सर्च चालवून बघा की हा लेख त्यात येतो का. येत नसेल तर कोणत्या तुकड्यामुळे तो गळतोय ते वरच्याच पद्धतीने पाच मिनिटांत कळतं. यायलाच हवा असा लेख जोवर येत नाही तोवर सर्च नीट झालेला नाही, मग आकडा कितीही छान दिसो.

विषयाच्या रकान्याचं एक उदाहरण जवळून बघू. एरिक हा अमेरिकेच्या शिक्षण खात्याचा डेटाबेस, पूर्ण मोफत, लॉगिन लागत नाही, शाळा-कॉलेजच्या ग्रंथालयांवर त्यात भरपूर आहे. आपण सगळे शिकतो ते "इन्फर्मेशन सीकिंग बिहेवियर". एरिकच्या थिसॉरसमध्ये, म्हणजे ठरलेल्या विषय-शब्दांच्या यादीत, मात्र डिस्क्रिप्टर (ठरलेला विषय-शब्द) आहे नुसता "इन्फर्मेशन सीकिंग", आणि वाचकांसाठी "यूझर्स", त्याच्यापुढे कंसात "इन्फर्मेशन". म्हणजे तुम्ही तीन शब्दांचं ते लांबलचक वाक्य डबल कोटमध्ये टाकलंत तर ज्या लेखकाने ते वाक्य जसंच्या तसं वापरलं तेवढेच लेख येणार, बाकीचे ज्यांना इंडेक्सरने व्यवस्थित त्या डिस्क्रिप्टरखाली ठेवलंय ते सगळे सुटणार. सीअर्स लिस्ट ही विषयशीर्षकांची यादी उघडून पुस्तकाला विषयशीर्षक देण्याचं प्रॅक्टिकल तुम्ही केलेलं आहे ना, हे तेच काम आहे, फक्त आता तुम्ही दुसऱ्या बाजूने बघताय. थिसॉरस उघडा, तुमचा शब्द तिथे कोणत्या रूपात आहे बघा, त्याचे ब्रॉडर, नॅरोअर, रिलेटेड शब्द बघा, आणि मग डिस्क्रिप्टर ऑर तुमचे स्वतःचे शब्द असा तुकडा करा. दोन्ही हवेत, कारण अगदी ताज्या लेखांना कधीकधी डिस्क्रिप्टर लागायचे असतात. आपल्या विषयासाठी इब्स्कोचा लिस्टा पण मोफत आहे, लायब्ररी सायन्सचाच डेटाबेस आहे, तो न उघडता थेट गूगल स्कॉलरवर जाणारे विद्यार्थी बघून खरंच वाईट वाटतं.

आता बारीकसारीक बिघाड. हे दिसायला फालतू आहेत पण निम्म्याहून जास्त वेळ यांच्यातच जातो असा माझा अनुभव.

कंस नसणं. रूरल ऑर व्हिलेज अँड लायब्ररी असं लिहिलंत तर पबमेड ते डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणजे आधी रूरल किंवा व्हिलेज, मग त्यातले लायब्ररीवाले, तुम्हाला हवं तेच. वेब ऑफ सायन्स आधी अँड सोडवतो, म्हणजे व्हिलेज अँड लायब्ररी एकत्र, आणि रूरल मोकळा, मग ग्रामीण आरोग्य, ग्रामीण शेती, ग्रामीण वीज सगळं तुमच्या स्क्रीनवर. ओळ तीच, डेटाबेस बदलला की उत्तर वेगळं. म्हणून ऑरने जोडलेले शब्द कायम कंसात, (रूरल ऑर व्हिलेज) अँड लायब्ररी, कुठेही चालवा अर्थ एकच राहतो. आणि अँड, ऑर, नॉट कॅपिटलमध्ये टाइप करायची सवय लावा, पबमेडला तसंच लागतं आणि बाकी कुठे त्याने बिघडत नाही.

कोटचं चिन्ह. वर्डमध्ये किंवा मोबाइलवर टाइप केलेली ओळ कॉपी-पेस्ट केली की सरळ " च्या जागी वाकडे “ ” येतात. काही डेटाबेस ते सांभाळून घेतात, काही घेत नाहीत आणि काहीच न सांगता शब्द सुटे करून शोधतात. गाईडने व्हॉट्सॲपवर पाठवलेली सर्च स्ट्रिंग "चालत नाही" म्हणून जे येतात त्यांना मी आधी कोट खोडून हाताने परत टाइप करायला सांगते.

स्टार, म्हणजे * हे चिन्ह, याच्यापुढे काहीही अक्षरं चालतील असं सांगणारं. लायब्ररीच्या स्पेलिंगमधला शेवटचा वाय काढून स्टार लावला की लायब्ररी, लायब्ररीज, लायब्रेरियन, लायब्रेरियनशिप सगळे येतात. पण घाईत पहिल्या तीन अक्षरांवरच स्टार लावला तर लिबरल, लिबर्टी असलं काय काय गोळा होतं, पबमेड तर चार अक्षरांच्या आत स्टार घेतच नाही. आणखी एक, पबमेडमध्ये स्टार किंवा डबल कोट वापरलेत की तो तुमच्या शब्दाला जुळणारे मेश शब्द (पबमेडचे ठरलेले विषय-शब्द) आपोआप जोडायचं बंद करतो. ॲडव्हान्स्ड पानावर हिस्टरीत डिटेल्स उघडा, पबमेडने तुमची ओळ नेमकी कशी वाचली ते तिथे पूर्ण लिहिलेलं असतं. ते वाचायची सवय लागली की अर्धे प्रश्न विचारावेच लागत नाहीत. गूगल स्कॉलरमध्ये स्टार चालतच नाही, आणि तिथे आकडा कितीही लाखांत दिसला तरी पहिले हजारच उघडून बघता येतात, त्यामुळे "स्कॉलरवर इतके लाख लेख आहेत" हे वाक्य प्रोजेक्टमध्ये लिहू नका.

स्पेलिंग. आपण ब्रिटिश लिहितो, डेटाबेसमधले बरेच लेख अमेरिकन. बिहेवियर, कॅटलॉग, डिजिटायझेशन, तिन्हीची दोन-दोन स्पेलिंग आहेत. वाइल्डकार्डची, म्हणजे एखाद्या अक्षराच्या जागी वापरायची, चिन्हं प्रत्येक कंपनीची वेगळी, ती पाठ करण्यापेक्षा दोन्ही स्पेलिंग ऑरने लिहून टाका, जास्तीची दहा अक्षरं टाइप होतील पण खात्री राहते.

जुने फिल्टर. फुल टेक्स्टचं खूण केलेलं खोकं, मागच्या सर्चची वर्षं, "पीअर रिव्ह्यूड", हे सगळं तसंच लागून राहतं आणि नवीन सर्च त्याच्याखाली दबतो. विशेषतः फुल टेक्स्टचा फिल्टर सुरुवातीला लावूच नका. लिस्टामध्ये बरेच लेख फक्त नोंदीच्या रूपात आहेत, तो फिल्टर लावला की चांगले लेख दिसेनासे होतात आणि आपल्याला वाटतं की नाहीतच. आधी लेख आहे हे कळू दे, मिळवायचा कसा ते नंतर.

हजारोंचा प्रॉब्लेम उलट बाजूचा. जेस्टोरसारख्या ठिकाणी तुम्ही लेखाचं पूर्ण अंग शोधत असता, म्हणजे रूरल पहिल्या पानावर, लायब्ररी आभाराच्या ओळीत आणि महाराष्ट्र तळटीपेत असलेला इतिहासाचा लेखही येणारच, तो डेटाबेसचा दोष नाही. तिथे मुख्य तुकडा शीर्षकापुरता किंवा सारांशापुरता बांधून घाला. किंवा शब्द जवळजवळ असावेत असं सांगा, इब्स्कोमध्ये एन५, प्रोक्वेस्ट आणि वेब ऑफ सायन्समध्ये निअर/५, स्कोपसमध्ये डब्ल्यू/५, म्हणजे रूरल आणि लायब्ररी पाच शब्दांच्या आत. नॉट मात्र जपून वापरा. "ॲकॅडेमिक लायब्ररी नको" म्हणून नॉट लावलंत तर ज्या लेखात सार्वजनिक आणि ॲकॅडेमिक ग्रंथालयांची तुलना आहे तोही गेला, आणि तो तर तुम्हाला सगळ्यात जास्त हवा होता.

मराठीतून शोधताना अडणारे बरेच जण आहेत आणि यावर कोणी नीट लिहीत नाही, म्हणून इथे जरा थांबते.

शोधगंगा हे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं प्रबंधांचं भांडार, २००९ च्या यूजीसी नियमांनंतर पीएचडीचे प्रबंध तिथे जातात. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचे मराठीत लिहिलेले प्रबंध पण आहेत, पण शीर्षक कुठे देवनागरीत, कुठे रोमनमध्ये, कुठे इंग्रजी भाषांतर. त्यामुळे एकच विषय तिन्ही प्रकारे शोधावा लागतो. रोमनमध्ये ग्रंथालयचं स्पेलिंग शेवटी ए लावून आणि न लावून असं दोन्ही दिसतं, "महाराष्ट्रातील" मध्ये तर आय की डबल ई हा प्रत्येकाचा वेगळा हिशेब, तेव्हा शब्दाचा पहिला पक्का भाग घ्या आणि पुढे स्टार लावा.

देवनागरीत जास्त फसतं. "ग्रंथालय" कोणी अनुस्वाराने लिहितं, कोणी "ग्रन्थालय", आपल्याला दोन्ही एकच, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. "ॲ" हे अक्षर एका कळीने येतं किंवा अ वर चंद्र देऊन "अॅ" असं येतं, डोळ्यांना सारखंच. आणि सगळ्यात छळणारा म्हणजे "शेतकऱ्यांच्या" मधला ऱ्य. तो ऱ ला हलन्त देऊन येतो, नाहीतर साध्या र ला हलन्त आणि मध्ये न दिसणारं एक अक्षर घालून येतो, कीबोर्डवर अवलंबून. स्क्रीनवर तंतोतंत तोच शब्द, तरीही शून्य रिझल्ट. अशा वेळी तो भागच टाळा, "शेतक" पर्यंत लिहून स्टार लावा किंवा शीर्षकातला दुसरा साधा शब्द घ्या. स्टार लावताना विभक्तीचंही भान ठेवा. "ग्रंथालय" ला पुढे काहीही लागलं तरी मूळ शब्द तसाच राहतो, पण "शाळा" चं "शाळेतील" होतं, म्हणून "शाळा" वर स्टार लावून उपयोग नाही, "शाळ" वर लावायचा.

आणि प्रबंध उघडून आतला मजकूर सापडत नसेल तर एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला तर तो प्रबंध जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप झालाय, त्यात मराठी शब्द शोधून कधीच सापडणार नाही. मग शीर्षक, गाईडचं नाव, विद्यापीठ, विभाग यांवरूनच जायचं. विद्यापीठ आणि विभागाच्या यादीतून एकेक प्रबंध चाळत जाणं हा कंटाळवाणा मार्ग आहे, पण लायब्ररी सायन्सचा विभाग बहुतेक विद्यापीठांत लहानच, तेव्हा यादी संपते. शोधगंगेवर प्रकरणांच्या फायली वेगवेगळ्या असतात, दुसऱ्या प्रकरणाची म्हणजे लिटरेचर रिव्ह्यूची फाइल आधी उघडा, तुमचं निम्मं काम तिथे कोणीतरी करून ठेवलेलं असतं. अर्थात त्यातले संदर्भ मूळ लेख उघडून तपासल्याशिवाय घ्यायचे नाहीत.

लेख दिसतो पण उघडत नाही, पैसे मागतो, हा सर्चचा प्रॉब्लेम नाही, लॉगिनचा आहे. घरून उघडताय का? मग प्रकाशकाच्या पानावर संस्थेमार्फत लॉगिनचा पर्याय शोधा आणि इन्फेड या इन्फ्लिबनेटच्या सामायिक लॉगिन सेवेतून तुमचं विद्यापीठ निवडा. कॉलेज एन-लिस्ट या कॉलेजांसाठीच्या ई-जर्नल योजनेत असेल तर आयडी तुमच्या ग्रंथपालांकडून चालू करून घ्यावा लागतो. सरकारी विद्यापीठं-कॉलेजांसाठी १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही केंद्र सरकारची योजना सुरू झालीय, ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार जर्नल त्यात आहेत, तुमची संस्था त्यात बसते का हे लायब्ररीत विचारा. तरीही नाही मिळाला तर डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्यामार्फत मागवता येतो, आणि लेखकाला साधी नम्र ईमेल केली तर बरेचदा स्वतःहून पाठवतात.

हल्ली आणखी एक प्रकार वाढलाय. चॅटबॉटने दिलेली संदर्भांची यादी घेऊन विद्यार्थी येतात आणि विचारतात की हा लेख कुठल्याच डेटाबेसमध्ये का सापडत नाही. डीओआय (लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक) दिला असेल तर तो उघडून बघा, भलताच लेख उघडतोय का. डीओआय दिलेला नसेल तर जर्नलच्या वेबसाइटवर त्या वर्षाचा त्या अंकाचा मजकूर बघा. तिथेही नसेल तर तो लेख लिहिलाच गेलेला नाही, शोधणं थांबवा आणि यादीतून काढा.

हे सगळं करूनही अडलात तर मदत मागा, त्यासाठीच आम्ही लायब्ररीत बसलोय. फक्त "सर्च होत नाही" एवढंच सांगू नका. डेटाबेसचं नाव, बॉक्समध्ये टाकलेली ओळ जशीच्या तशी, लावलेले फिल्टर, प्रत्येक तुकड्याचा आकडा, तारीख, आणि यायला हवा होता पण आला नाही असा एक लेख, एवढं लिहून आणा. ही वही प्रोजेक्टच्या मेथडॉलॉजीत जशीच्या तशी कामाला येते, व्हायव्हाला "सर्च कसा केला" विचारलं की उघडून दाखवता येते. आणि स्क्रीनशॉट काढणार असाल तर रिझल्टच्या यादीचा नको, सर्च हिस्टरीचा काढा.